उंबऱ्यावरचं पहिलं ताट

मी, लंकाबाई कारभारी निमसे, वय पासष्टच्या पुढे, धंदा खानावळ, राहणार कसबे वाळुंजे, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही. काल नगरपालिकेच्या सभेत जे घडलं त्याचा आनंद अजून अंगातून उतरलेला नाही.

१. बाजारपेठेतली माझी खानावळ, जागा, चुली, पितळी पातेली आणि पाटा-वरवंटा यांसह, माझ्यामागे पुष्पावती जामखेडकर हिची. ती पूर्वी तमाशात नाचत असे. फड मोडला तेव्हा भाकरी मागायला आली आणि भाकरी थापायला राहिली.

हे का, ते लिहिते. विलायतेच्या राणीच्या राज्यात इथे पटकीची साथ आली होती. तेव्हा नगरपालिकेने नियम केला, की खानावळवाल्याने रोजचं पहिलं ताट उंबऱ्यावर बसून लोकांदेखत जेवावं, मगच गिऱ्हाइकाला वाढावं. आमच्या घराण्याने तो सोडला नाही. माझे मालक जन्मभर तसे जेवले. ते गेले आणि त्यांच्या जागी बसून माझा घास उतरेना. आजही उतरत नाही. म्हणून पुष्पावती बसू लागली, आणि खानावळीचा परवाना तिच्या नावे करावा असं मी नगरपालिकेला लिहून दिलं.

त्यावर माझा पुतण्या कानिफनाथ याने अर्ज केला. त्याच राणीच्या वेळचा दुसरा नियम त्याने काढला, की नाचणाऱ्या बायकांनी पेठेत उंबऱ्यावर बसू नये. म्हणून तिच्या नावे परवाना देऊ नये.

काल सभेत अध्यक्ष म्हणाले, "बाई, नियम आहे. आम्ही काय करणार?"

मी म्हणाले, "साहेब, नियम दोन आहेत. ती बसली तर एक मोडतो, न बसली तर दुसरा. कुठला ठेवायचा ते तुम्ही सांगा."

मागून भाजीवाली छबूबाई ओरडली, "तिच्या जागी तुमीच या की जेवायला, अध्यक्षसाहेब! वांग्याचं भरीत हाय!"

सगळी सभा हसली. कानिफनाथ तेवढा उभा राहिला. "काकू, घराण्याची अब्रू हाय का न्हाई?"

"हाय की," मी म्हणाले. "तुझा काका गेला तवा तू तेरावं जेवून गावाला गेलास. चूल तिनं इझू दिली न्हाई. तवा कुटं हुती तुझी अब्रू?"

तो खाली बसला. हात वर झाले. उंबऱ्याची बंदी रद्द, ताटाचा नियम कायम, परवान्याला मंजुरी! मला उभं राहवेना, बसवेना.

२. माझी पुस्तकं वाचनालयाला द्यावीत. भजी बांधायच्या रद्दीवर मी अक्षरं शिकले. पानांवर तेलाचे डाग असतील, त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये.

३. मालकांचं उपरणं माझ्याबरोबर जाळावं. ते मी अजून धुतलेलं नाही.

४. जमिनीची वाटणी मागेच झाली, त्यामुळे कानिफनाथला देण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याच्यावरचा राग मी बरोबर नेणार नाही. साक्षीला मात्र त्यालाच बोलावलं आहे, म्हणजे माझ्यामागे पुन्हा अर्ज नको.

५. हे सगळं पुष्पावतीला आत्ता वाचून दाखवलं. ती रडली आणि म्हणाली, "आक्का, पाटीवर तुमचंच नाव ऱ्हाऊ द्या."

ते होणार नाही. पाटी सकाळीच रंगाऱ्याकडे गेली आहे. मी मरायची वाट कशाला पाहायची? येत्या बाजारी तिच्या नावाची पाटी मी स्वतः टांगणार आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच खरं.

कसबे वाळुंजे, १४ मार्च १९७३

सही: लंकाबाई कारभारी निमसे

आमच्यादेखत सही केली:

छबूबाई भापकर, भाजीविक्री (डाव्या हाताचा अंगठा)

कानिफनाथ निमसे, शेती. पूर्ण वाचून सही केली. माझी हरकत नाही.