अर्धा इंच जास्त

३ जून, सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. शिवणवर्गात सगळ्यांना वही ठेवायला लावतो, मग आपलीही असावी. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

तर खरं असं की, डावरीचा मला हेवा वाटत नाही. डावरी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. डाव्या हातानं कात्री धरायची, म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिनं आता शिवणकामाचा ऑनलाइन कोर्स काढलाय. अकरा हजार विद्यार्थी आहेत म्हणे. माझ्या वर्गात चार. एक नर्सबाई, एक रिटायर्ड पोस्टमन आणि एकाच घरातल्या दोन जावा. पण वर्ग तो वर्ग. अकरा हजारांतल्या एकाचा तरी कान पकडता येतो का तिला?

३ जून, दुपारी
खालच्या मजल्यावरचे प्रेसवाले वर आले. खोली त्यांचीच. म्हणाले, मास्तर, तीस तारखेपर्यंत दहा विद्यार्थी झाले तर ठीक, नाहीतर ही खोली मला कागद ठेवायला लागेल. सव्वीस वर्षं या खोलीत मला सगळे सर म्हणतात. खोली गेली की मी नुसता टेलर.
घाबरलो नाही. सहाच तर हवेत.
निश्चय: सहा विद्यार्थी आणणे. डावरीचा कोर्स अजिबात न बघणे.

४ जून
बघितला. फुकटातला एकच धडा.
टेबल पांढरंशुभ्र, उजेड झकास, खडूची धूळ नावाला नाही. याला काय शिकणं म्हणायचं? आणि बोलताना सारखी हसते. मी वर्गात सव्वीस वर्षांत दोनदा हसलो, दोन्ही वेळा तपासणीला आलेले इन्स्पेक्टर समोर बसले होते.
शिवाय घरी बसून शिवण येत नाही, हा अनुभव आहे. वर्गात माप घेऊन घरी जाऊन कापलेला कपडा सैल होतो. गेली बारा वर्षं तर हमखास. गुरूची नजर नसली की हात सुटतो, दुसरं काय.

६ जून, सकाळी
कोर्सला नाव घातलं. शिकायला नाही, चुका काढायला. खरं नाव कशाला द्या? 'हितचिंतक' असं दिलं.

६ जून, संध्याकाळी
पहिल्या धड्याचं नाव, 'आधी आपला टेप तपासा'. मोठ्यांदा हसलो. नाचता येईना अंगण वाकडं, तशी ही टेपला दोष देणारी पिढी! माझा टेप वर्गाइतकाच जुना आहे. बारा वर्षांपूर्वी त्याचं टोक झिजून सुतं निघाली, तेव्हा मी तेवढा तुकडा कात्रीनं सरळ कापून टाकला. कड अजून कशी स्वच्छ आहे. वस्तू जपावी तर अशी.
धडा न बघता पुढे गेलो.

९ जून
डावरीला कोड्यात पकडणारा प्रश्न टाकला. डावा खांदा उतरता असलेल्या माणसाच्या शर्टाचा मुंढा कसा कापावा? बाही जिथे बसते तो मुंढा. भल्याभल्यांची तिथे दांडी उडते.
अकरा मिनिटांत उत्तर. वर स्वतः कापून दाखवलेला व्हिडिओ. वर 'छान प्रश्न, हितचिंतकजी'.
माझ्या वर्गात प्रश्न फक्त शनिवारी विचारता येतात. त्यानं प्रश्नाला किंमत राहते.
व्हिडिओ चार वेळा बघितला. चूक सापडली नाही. पण एखाद्याला इतकं बरोबर येणं हेच संशयास्पद आहे.

१२ जून
बायको ओट्याशी उभी, कानात इअरफोन. काय ऐकतेस विचारलं, तर म्हणाली, डावरीचा नवा धडा, किती गोड समजावते हो. मी म्हटलं, तिला शिकवलं कोणी? बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि कुकरची शिट्टी काढली.  बायकोनंही कौतुक करावं ते परक्याचं.
विद्यार्थी अजून चारच.

१४ जून
कोर्सचा गृहपाठ आला. डावरीनं दिलेल्या मापांप्रमाणे शर्टाचे सगळे भाग कागदावर कापायचे आणि पट्टी ठेवून फोटो पाठवायचे. वीस मिनिटांत पाठवले. आता बघू, गुरूचं काम बघून शिष्येचे डोळे पांढरे होतात की नाही.

१६ जून, सकाळी ८
दहापैकी चार.
चार!
शेरा असा: हितचिंतकजी, हात सुरेख आहे, गोलाई तर अप्रतिम. पण लांबी, छाती, मुंढा, बाही, सगळंच अर्धा इंच कमी आहे. कृपया पहिला धडा पुन्हा बघा.
मोबाइलच्या कॅमेऱ्यात वस्तू आखूड दिसतात. ऑनलाइन शिक्षणाचा हा मोठाच दोष.
वर्गात सगळ्यांवर ओरडलो. पोस्टमनला कोपऱ्यात उभं केलं. ते म्हणाले, सर, गुडघे दुखतात. स्टूल दिलं.

१७ जून, दुपारी
घरी कोणी नव्हतं. बायकोचा टेप काढून माझ्या टेपशेजारी ठेवला.
माझा अर्ध्या इंचापासून सुरू होतो.
 पाणी प्यायलो. पुन्हा ठेवून बघितला. तेच.

१७ जून, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. बारा वर्षं चारही विद्यार्थी, त्यांच्या आधीचे शंभर-दीडशे, सगळे घरून मापं लिहून आणत आले आणि वर्गात याच टेपनं कापत आले. तरी वर्गातले कपडे अंगाला बरोबर बसतात. कसे? याचा अर्थ एकच. माझं शिकवणं टेपच्या पलीकडचं आहे. खोट्या टेपवर खरा कपडा! जमेल हे डावरीला?
कोणाला कळलेलं नाही, हे नशीब. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१८ जून
तसाच पिवळा टेप आणला. नवा दिसू नये म्हणून चुरगाळला, खडूची पूड चोळली, दोन रात्री उशीखाली ठेवणार आहे. जुना ट्रंकेच्या तळाशी. आठवडाभर वर्गात कापणं बंद, फक्त काज-बटण.
आता अंगात वेगळंच बळ आलंय. २५ तारखेला खुलं प्रात्यक्षिक ठेवतो. लोकांसमोर एका माणसाचं माप घ्यायचं आणि दोन तासांत शर्ट त्याच्या अंगावर. शर्ट प्रेसवाल्यांचाच शिवायचा. एकदा तो बसला की खोलीचं नाव काढणार नाहीत. दहा काय, वीस विद्यार्थी येतील. उभं राहायला जागा पुरेल का, हीच काळजी.

२१ जून
प्रेसवाल्यांनी स्वतःच पत्रकं छापून दिली. विरोधकालाही आपलंसं करता येतं.
डावरीच्या कोर्सला आता बारा हजार. मी मोजत नाही, पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. सकाळी, दुपारी आणि जेवताना दिसतं.

२५ जून, सकाळी १०
इस्त्रीचा शर्ट. नवा टेप गळ्यात. अठ्ठावीस माणसं आलीत, जिन्यात उभी आहेत. आज डावरी इथे हवी होती.

२५ जून, दुपारी ३.३०
जमेल तसं लिहितो.
मापं मी खणखणीत आवाजात सांगितली. छाती चाळीस, कॉलर साडेपंधरा. पुढचे भाग नर्सबाईंनी कापले, पाठ पोस्टमननी, बाह्या आणि कॉलर जावांनी. मशीनवर बायको. एक तास पन्नास मिनिटांत शर्ट तयार. टाळ्या पडल्या. त्या खऱ्या होत्या, हे नोंदवून ठेवतो.
मग प्रेसवाल्यांनी शर्ट घातला.
बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती. कॉलरमध्ये मान फिरली तरी कॉलर जागची हलेना. प्रेसवाले स्वतःभोवती एकदा वळले आणि म्हणाले, मास्तर, वाढत्या अंगाचा शिवलात का? अठ्ठावीस माणसं हसली. जिन्यातली जरा उशिरा हसली, कारण त्यांना कोणीतरी सांगावं लागलं.
मी चौघांवर ओरडलो, माप चाळीस सांगितलं ना, मग हे काय? तेव्हा नर्सबाई हळूच म्हणाल्या, सर, नेहमीसारखा अर्धा इंच जास्त धरला. पोस्टमन म्हणाले, मीही धरला. जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. थोरली म्हणाली, आम्ही तर बाह्यांना एक-एक धरला, आज पाहुणे होते म्हणून. बायको मशीनवरून म्हणाली, आणि मी शिलाईत कापड आत कमी घेतलं, तुमच्या टेपचं माहीत असतं ना.
मी म्हटलं, टेपचं काय माहीत असतं?
 शेवटी पोस्टमननी बायकोकडे बोट करत खुलासा केला. काकू प्रत्येकाला पहिल्याच दिवशी जिन्यात थांबवून सांगतात, सरांचा टेप अर्धा इंच खोटा आहे, तेवढं धरून चला, पण त्यांना सांगू नका, वाईट वाटेल.
बारा वर्षं. शंभर-दीडशे माणसं.

२५ जून, संध्याकाळी
बायकोला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं, टोक कापलंत त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, टेप खोटा नसतो, नजर खोटी असते. ते वाक्य दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावरही लिहिलंत.
ते अजून फळ्यावर आहे. कोपऱ्यात. 'पुसू नये' अशी चौकट करून.

२६ जून
प्रात्यक्षिकाचा परिणाम: चौकशी एक. एक बाई येऊन म्हणाल्या, काल फार मजा आली, हे ऑनलाइन असतं का?

२७ जून
पहिला धडा शेवटी बघितला. पाच मिनिटांचा. डावरी म्हणते, मी वर्गात शिकले, तिथे पहिल्या दिवशी एका काकूंनी मला जिन्यात टेप बघायला शिकवलं. जे काही शिकले त्याची सुरुवात तिथून झाली. माझं नाव येईल म्हणून शेवटपर्यंत थांबलो. शेवटी संगीत आलं.
हेवा वाटतो. लिहून टाकतो, कोण वाचतंय. बारा हजारांचा वाटतोच. पण त्या जिन्याचा जास्त वाटतो. तिथे रोज एक वर्ग भरत होता आणि मी त्याच जिन्यानं वर जात होतो.

३० जून, सकाळी
खोली रिकामी केली. प्रेसवाल्यांनी टेबल उचलायला हात लावला. अंगात तोच शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या. म्हणाले, मास्तर, उकाड्यात बरा पडतो.

३० जून, दुपारी १२.२०
डावरीचा फोन! तिनं हितचिंतकाला ओळखलं असणार. मुंढ्याची गोलाई लपत नाही. कोर्समध्ये शिकवायला बोलावणार, दुसरं काय. लगेच हो म्हणायचं नाही. आधी विचार करतो म्हणायचं, आवाज जड ठेवायचा. तिसऱ्या रिंगला उचलला.

३० जून, दुपारी १२.४५
म्हणाली, सर नमस्कार, कसे आहात, काकू आहेत का?
बिघडलेला कपडा कसा सावरायचा, यावर दहा धडे हवे आहेत. इतका अनुभव दुसऱ्या कोणाकडे नाही, असं म्हणाली.
बायको हो म्हणाली. विचार करते वगैरे काही नाही, सरळ हो. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, अहो, शूटिंगला मोबाइल धरायला कोणीतरी हवं, हात न हलणारं.
धरतो म्हटलं. पहिला धडा उद्या सकाळी नऊला. बिघडलेला कपडा म्हणून काय दाखवायचं विचारलं, तर म्हणाली, प्रेसवाल्यांकडून तो शर्ट मागून आणा.