तिच्या मापाचा सूट

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता चाकणला लढाऊ विमानांच्या वैमानिकांचे कपडे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कापड बेतते. आज राहून राहून तुझा भोसरीच्या कारखान्यातला पहिला दिवस आठवतोय. लाइनवर तू एकटीच बाई, म्हणून तुला पुरुषांचाच बॉयलर सूट मिळाला होता. पिंपळे गुरवच्या खोलीत तू तो घालून उभी आहेस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पाय जमिनीवर लोळतायत, आणि मी खो खो हसतेय. "हसायला काय झालं?" तू डाफरलीस. "अंगाला बसंना तर चूक कपड्याची हाय, अंगाची न्हाई."

गेल्या वर्षी एक तरुण वैमानिक आमच्याकडे सूट घालून बघायला आली. विमान जोरात वळलं की रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून या सूटमध्ये पोटऱ्या, मांड्या आणि पोटाशी हवेच्या पिशव्या असतात; वळताना त्या फुगतात आणि रक्त खाली उतरू देत नाहीत. आम्ही पुरुषांच्याच मापाचा सूट लहान करून शिवला होता. तिला खुर्चीत बसवून हवा भरली, तर पोटावरची पिशवी सरकून थेट बरगड्यांवर चढली. तिचा श्वास अडकला, तरी म्हणाली, "चालेल, घेईन मी सांभाळून." सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र तू दिसलीस. मी म्हटलं, "नाही मॅडम, उतरवा. पहिल्यापासून करू." साहेबांनी मला बाजूला घेतलं. "त्यांना चालतंय ना? तारीख हुकली तर काम जाईल आपलं."

"आणि वर आकाशात त्यांची शुद्ध गेली तर?"

त्यांनी खुर्चीतल्या तिच्याकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाले, "कर."

तारीख हुकलीच, पण काम टिकलं. कंबर, मांडी, सगळं नव्यानं बेतलं, कितीदा उसवलं, आणि आज दुपारी तिचा फोन आला. "ताई, आज पूर्ण वळण घेतलं. नजर एकदाही काळवंडली नाही. सूट अंगात आहे हेच विसरले मी!" मशीनवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी वडापाव मागवले. आता आणखी मुलींची मापं येणार आहेत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे माझ्याजवळच. पुढच्या चाचणीसाठी साहेब मला बंगळूरला पाठवतायत, विमानानं. कुणाला बोलले नाही, तुला सांगते: मी अजून एकदाही विमानात बसलेले नाही, आणि मला फार भीती वाटतेय. तरी खिडकीची जागा मागून घेतलीय.