तू अजून वाढते आहेस

आई, तू जिवंत आहेस असं मला आज दुपारी यशवंतपूरला कळलं. बसवनगुडीला घरी परत येऊन बराच वेळ झाला, तरी चपला पायातच आहेत. एरवी तू ओरडली असतीस. आज ओरडलीस तरी मला फारसं आश्चर्य वाटणार नाही.

तुझी बेळगावची विद्यार्थिनी, जी आता तुझ्याच प्रयोगशाळेची प्रमुख आहे, तिचा सकाळी फोन आला. "अण्णा, स्वल्प काम होतं, येऊन जावा की." मला वाटलं, तुझा फोटो लावायचा असेल. जीन कापून जोडायला इथल्या कितीजणांना तूच शिकवलंस, हे त्यांना अखेर आठवलं म्हणायचं, असं एक तिरकस वाक्यही मी मेट्रोत जुळवून ठेवलं. ते वाया गेलं. तिने इन्क्युबेटरमधून गुलाबी द्रवाची चपटी बाटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाली, "बघा. मॅडम आहेत." मला द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके दिसले. "तेव्हा प्रयोगाला रक्त द्यायला कोण तयार नव्हतं. मॅडमनी बाही वर केली, सुई मी टोचली. मग त्या पेशींत त्यांनी घडवलेलं जीन घातलं. साध्या पेशी थोडे दिवस वाढून थकतात. ह्या थकल्याच नाहीत ओ." आता नव्या नियमाप्रमाणे त्या ठेवायच्या तर नातलगाची सही हवी, नाहीतर त्या नष्ट करायच्या. नातलग मी एकटाच.

मला आठवतं, तू स्वयंपाकघरात विरजण लावते आहेस आणि मी विचारतो, जीन घालतेस म्हणजे नक्की काय करतेस? बोट न पुसताच तू म्हणतेस, "एकाच्या पोथीतला श्लोक दुसऱ्याच्या पोथीत घुसडते. तुमचे पंडित हेच करत आले, फक्त कबूल करत नाहीत." मी तेव्हा प्रक्षिप्त श्लोकांवरच प्रबंध लिहीत होतो, त्यामुळे दोन दिवस अबोला धरला. पण पोथी तुझी स्वतःची होती, हे तू सांगितलं नाहीस.

देह नश्वर आहे हे मी दरवर्षी नव्या वर्गाला शिकवतो. तुझ्या अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत मीच सोडल्या, दरवर्षी पिंडही देतो. म्हणून मास्तरांच्या आवाजात सांगून टाकलं, "नष्ट करा." "सरी, बरं," ती म्हणाली. तिने ब्लीचची बाटली घेतली, झाकण फिरवलं, आणि मी तिचं मनगट धरलं. "तिला दुखेल का?" आपण काय विचारलं ते मला नंतर कळलं. ती हसली नाही. "नाही ओ अण्णा." "आज नको," मी म्हणालो. "मग सही करताय?" "उद्या सांगतो."

तुला लिहून पाठवायचं कुठे, ही अडचण आजवर होती. आता पत्ता आहे, तरी हे पाठवत नाही. तुझी विद्यार्थिनी उघडून वाचेल. तिला वाटतं आहे, माझा निर्णय व्हायचाय. तो तर मनगट धरलं तेव्हाच झाला होता. पण एकदा सही केली की मला तिथे बोलवायचं कुणाला काही कारण उरणार नाही, म्हणून उद्याही मी उद्या सांगतो असंच म्हणणार आहे.