पडदा मात्र सुरेख आला आहे

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, त्यानिमित्ताने तुझ्या गावाच्या दिशेने नमस्कारही उरकून घेतला. टोपण काही सापडलं नाही.) तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला याबद्दल रागावू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो तो डावा की उजवा, हे मी दर वेळी विसरतो, तेव्हा दोन्ही गुडघ्यांची चौकशी समज. भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, पहाटे फिरायला जाताना मफलर विसरू नका. नातीला पापे.

इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतोय, कारण पुढे वाचताना तुला अधूनमधून मागे येऊन ते पुन्हा वाचावं लागेल. फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर मी ‘हॅलो’ म्हटलं की तू ‘काय झालंय ते आधी सांग’ म्हणतेस. पत्रात माणसाला जरा ऐसपैस बसून खोटं बोलता येतं. म्हणजे, खरं बोलता येतं असं म्हणायचं होतं. शाईने लिहिलंय, खोडत नाही.

तर सुरुवात झाली ती एका निवृत्त हेडक्लार्कपासून. गृहस्थ ओळखपत्राचा फोटो काढायला आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढलेला माणूस, त्यामुळे खुर्चीवर बसले तेही अर्ज तपासायला बसल्यासारखे. मी नेहमीप्रमाणे हनुवटी खाली, खांदे सैल, नजर इकडे असं सगळं करून फोटो काढला, छापला, दिला. आठ दिवसांनी स्वारी परत हजर. फोटोला कचेरीची चिठ्ठी टाचणीने लावलेली : ‘चेहरा अस्पष्ट, नवीन जोडावा.’ त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “माझ्यापेक्षा मागचा पडदा सुरेख आलाय हो. शिवणीचे टाके मोजता येतात.” मी म्हटलं, लेन्सला दमट हवा बाधली असेल. पुन्हा काढला. या खेपेला त्यांचा उजवा कान इतका स्वच्छ आला की कानावरचे केस मोजावेत, आणि नाक मात्र धुक्यात. (कॅमेरा स्वतः फोकस करतो हे मला मान्य आहे, ताई. पण तो कशावर करायचा हे त्याला मीच सांगायचं असतं ना!)

मी लेन्स दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, काचेसारखी स्वच्छ आहे. आता लेन्स काचेसारखी नसेल तर कशासारखी असेल? म्हटलं, दिवे मंद झाले असतील. सगळे दिवे बदलले. आता स्टुडिओत इतका उजेड आहे की परवा एक बाई आत आल्या आणि त्यांनी पर्समधून गॉगल काढून लावला. मग चष्म्यावर संशय आला. तो पुसून पुसून त्याचा नंबर निघून जायची वेळ आली. मला म्हणायचंय ते एवढंच की मी दोष शोधण्यात कसर केली नाही. फक्त एक जागा तपासायची सोडली, इतकंच.

त्यानंतर एक लग्न आलं. नवरी जनावरांची डॉक्टर. मुलगी अगदी साधी, ती हलकी निळी, बिनकाठाची साडी नेसली होती. आता मला सांग, हॉलमध्ये दोनशे माणसं, रोषणाई अंगावर येतेय, आणि समोर एक बाई नखशिखांत झगमगत उभ्या आहेत, तर फोटोग्राफराने काय समजावं? मी त्या बाईंच्या मागे लागलो. स्टेजवर, जिन्यात, फुलांच्या कमानीखाली, खिडकीजवळ तिरक्या उन्हात, असा तास-दीड तास मी त्यांचा पिच्छा पुरवला. बाई भारीच सहकार्य करत होत्या. शेवटी खांद्यावर कुणीतरी टकटक केलं. निळ्या साडीतली मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, लग्न माझं आहे.”

मी म्हटलं, “हो तर! आधी पाहुण्यांचे उरकून घेतो.”

“ती नवऱ्याची मामी आहे. मघापासून तुम्ही तिला ‘नवरीबाई, जरा लाजा’ म्हणताय.” मग हसू आवरत म्हणाली, “आणि ती लाजतेय.”

ताई, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी कॅमेऱ्यासकट आत गेलो असतो. पुढचं लग्न मी घामाघूम होऊन काढलं. काही फोटो बरे आले. सह्यांच्या वेळच्या फोटोत दोघांचे चेहरे पेजेतल्या शितासारखे दिसतायत, पेन मात्र असं आलंय की त्याच्या कंपनीने जाहिरातीला न्यावं. मग अल्बम द्यायचा दिवस आला. मुलीचे वडील पानं उलटत होते आणि बोलत काहीच नव्हते. ओरडणारं गिऱ्हाईक परवडतं गं, शांत गिऱ्हाईक आतून पोखरतं. शेवटी ती मुलगीच म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली तो आवाज ती बहुधा मुक्या प्राण्यांसाठी राखून ठेवत असावी, “काका, एकदा डोळे दाखवून घ्या. आमच्याकडे म्हातारी कुत्री येतात ना मोतीबिंदू झालेली, ती अशीच मान तिरकी करून बघतात.”

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तोंडावर कुत्रा म्हटलं म्हणून नव्हे, तर मान खरंच तिरकी होती म्हणून. मी ती सरळ केली आणि घरी आलो.

पण त्या दिवसापासून मला एक खोड लागली. सकाळी दुकान उघडलं की पायरीवर उभं राहून समोरच्या शिंप्याची पाटी वाचायची. आधी तळाची बारीक ओळ गेली (‘जुने कपडे आटवून मिळतील’). म्हटलं, रंग उडाला असेल. मग दुकानाची वेळ गेली, मग फोन नंबर गेला. एका सकाळी बघतो तर अख्खा शिंपी गेला. (शिंपी जागेवरच आहे, तब्येतीने उत्तम आहे. पाटी गेली.) मी दुकानात येऊन खुर्चीवर बसलो, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, आणि कितीतरी वेळ उठलोच नाही. चौतीस वर्षं मी दुसरं काय केलंय गं? मला हिशेब येत नाही, बोलणं जमत नाही, खिळा ठोकला तर तो भिंतीपेक्षा माझ्या अंगठ्यात जास्त जातो. मला फक्त बघता येतं. बाबा दुकानाची किल्ली हातात देताना म्हणाले होते, “यंत्र बदलशील, दिवे बदलशील, नजर सांभाळ.” आणि मी नेमकं तेच सोडून सगळं बदलत बसलो होतो.

(इथे वरचं ‘सगळं ठीक आहे’ एकदा वाचून ये.)

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यातून निरोप आला. डोळे दाखवायला या असा नव्हे, सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र फोटो हवाय, नव्या फलकासाठी. नाही कसं म्हणणार? म्हटलं, जायचं, फोटो काढायचा, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता परत यायचं. तिथे सगळ्यांना ओळीत उभं केलं. बुटके पुढे, उंच मागे, मध्ये डॉक्टरीणबाई. मागे कोपऱ्यात एक किडकिडीत, उंच माणूस पांढरा कोट घालून अंग चोरून उभा होता. मी म्हटलं, “अहो, तुम्ही मागचे, जरा पुढे या.” तो हलेना. “लाजू नका, या.” नाहीच. मला जरा चीड आली. म्हटलं, “साहेब, तुमच्यासाठी सगळे थांबलेत!”

रांगेतले सगळे मागे वळून बघायला लागले. मग डॉक्टरीणबाई रांगेतून बाहेर आल्या, माझ्या हातातला कॅमेरा अलगद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “तो कोट अडकवायचा स्टँड आहे. तुम्ही या माझ्याबरोबर.”

आत एक यंत्र होतं. त्याच्यासमोर मला बसवलं. मग बाई म्हणाल्या, “हनुवटी इथे ठेवा. खांदे सैल सोडा. हलू नका. समोर बघा. आता पापणी मिटू नका.” ताई, हे सगळं मी हजारो माणसांना सांगितलंय. बाळांना, म्हाताऱ्यांना, नवऱ्यामुलांना. आणि ती माणसं दगडासारखी का बसतात म्हणून मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलोय. त्या दिवशी कळलं. कुणीतरी आपल्याकडे इतकं निरखून बघतंय आणि त्याला काय दिसणार ते आपल्याला माहीत नाही, या भीतीने माणूस तसा बसतो. मीही दगड झालो. बाई म्हणाल्या, “अहो, श्वास घेतलात तरी चालेल.”

मोतीबिंदू आहे. उजवा पिकून गेलाय, डावा वाटेवर आहे. म्हणाल्या, आणखी थांबू नका, साधं ऑपरेशन आहे. साधं! त्यांच्यासाठी साधं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. शेजारचे आजोबा म्हणाले, “घाबरू नका, मी दोन्ही करून घेतलेत. फक्त एक त्रास होतो, घरातली धूळ दिसायला लागते.” मी हसलो आणि चष्मा पुन्हा एकदा पुसला. कर्मचाऱ्यांचा तो फोटो मग तिथल्या नर्सने काढला. मला मध्ये बसवून.

हिला यातलं काही सांगितलेलं नाही. ती उगाच घाबरेल, आणि ती घाबरली की मी घाबरतो, आणि मग घरात स्वयंपाक कोण करणार? तूही बोलू नकोस. बाकी काळजीचं कारण नाही. दुकान चालू आहे, हवा छान आहे, मी आनंदात आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – ऑपरेशन नऊ तारखेला ठरलंय. सहज कळवलं.

ता. क. दुसरा – चौदा तारखेला वाचनालयातल्या बाईंच्या मुलीचं लग्न आहे. बाईंच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो बाबांनी काढले होते. मुलीचे वडील गेल्या साली गेले. बाई म्हणाल्या, दुसरा फोटोग्राफर नको, तुमच्याच घरातला माणूस हवा. मी म्हटलं, आमच्याच घरातला माणूस येईल. कोणता ते बोललो नाही. तर ताई, तू ये. गुडघ्याची सबब सांगू नकोस, खुर्ची देतो, खुर्चीवर बसून काढ. कॅमेरा नवा आहे, मला जमणार नाही, हेही सांगू नकोस. तू नातीचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतेस ना, ते मी दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्याजवळ नाक नेऊन बघतो. माझ्या दहा अल्बमांत तसा एक निघायचा नाही. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली कारण मी मुलगा होतो. हे तुलाही माहीत आहे, मलाही, आणि बाबांनाही माहीत होतं.

ता. क. तिसरा – आता सुरुवात केलीच आहे तर हेही सांगून टाकतो. दुकानाच्या काचेत आईचा तो फोटो आहे ना, ओले केस पुसताना हसणारा, तो बाबा तापाने पडले होते तेव्हा तू काढलास. सोळा वर्षांची होतीस. पुढे त्याच्याखाली मी माझं नाव लावलं. तेव्हापासून लोक तो बघून आत येतात आणि ‘अस्सा काढा’ म्हणतात, आणि मला तसा एकदाही काढता आला नाही. आज सकाळी माझं नाव खरवडून तुझं नाव जाड अक्षरात लिहून चिकटवलंय. आधीच करायला हवं होतं.

वन्सं, मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मला दोन महिने माहीत आहे. हे रोज सकाळी स्टुडिओतल्या प्लॅस्टिकच्या फुलांना पाणी घालतात, आणि ती यांनीच विकत आणलीत. दवाखान्यात नवा फलकबिलक काही लागायचा नव्हता, डॉक्टरीणबाईंना मीच सांगून ठेवलं होतं. सरळ सांगितलं असतं तर हे गेले नसते. माझा जीव थाऱ्यावर नाही, पण यांना कळू देत नाही. तुम्ही आठ तारखेलाच या. तुमची गादी खालच्या खोलीत घातलीय, जिना नको. आणि आईंच्या फोटोखाली यांनी तुमचं नाव चिकटवलंय खरं, पण उलटं. येणारे जाणारे मान वाकडी करून वाचतायत. मी ते तसंच ठेवलंय. तुम्ही या आणि आपल्या हाताने सरळ करा.