पर्यायी रस्ता

१४ जून, शनिवार
छावणीत सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये जीप पाहिली. शेवाळी रंग. आधीच्या मालकाने डोंगरातल्या शर्यतींसाठी बदलून घेतलेली. सहा इंच वर उचललेली, टायर ट्रॅक्टरच्या नात्यातले, पुढे विंच. कुठे रुतली तर झाडाला दोर बांधून स्वतःलाच ओढून काढते.
माझी पहिली गाडी. त्रेचाळिसाव्या वर्षी. चारचाकीचं लायसन्स मार्चमधलं.
सलीमभाई विकणारे असून म्हणाले, "मॅडम, सिटी में सताती ये. पहले बोल दे रहा मैं, बाद में बोलना नको."
मी म्हटलं, शहरासाठी नकोच आहे. हे पूर्ण खरं नाही. कॉलेजला रोज हीच न्यावी लागणार.

१५ जून
भावाचा, संजूचा, पुण्याहून फोन. लहान कार घे म्हणाला, ऑटोमॅटिक. लहान कार डांबरीपर्यंत जाते. तिथून अण्णांचं शेत दीड किलोमीटर. गेल्या सप्टेंबरात अण्णा पाच दिवस तापाने पडून होते. मी डांबरीला स्कूटी लावून नाल्याचं पाणी उतरायची वाट पाहिली आणि परत आले. दोनदा.
अण्णांनाच शहरात आण, असं संजूचं म्हणणं. आई गेल्यापासून हेच. अण्णांचं म्हणणं, फ्लॅटमध्ये पाय लांब केला की भिंत लागते.

१८ जून
घेतली.

२४ जून, मंगळवार
क्लच जड. डावा पाय संध्याकाळी ठणकतो. जालना रोडवर टायरांची घरघर अशी की शेजारी कोणी बसलं असतं तर त्याचं बोलणं ऐकू आलं नसतं. साडीत चढता येत नाही. पार्किंगमध्ये दोन गाड्यांची जागा खाते. हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, झेडपीला उभ्या राहताय काय?" स्टाफरूममध्ये दिवसभर तेच चाललं.
सिग्नलला रिक्षा बाजूला होतात. अशी गाडी कोण चालवतं ते त्यांना माहीत आहे. मग आत पाहतात आणि गोंधळतात.
आवडलं. लिहून ठेवते.

२९ जून, रविवार
पहिल्यांदा शेतावर नेली. जुना गाडीरस्ता अंकुशकाकांच्या मोसंबीपाशी संपतो. तारेचं कुंपण, लोखंडी गेट, कुलूप. अंकुशकाका अण्णांचे चुलतभाऊ. सहा वर्षांपूर्वी बाग लावली तेव्हा रस्ता नांगरून आत घेतला. तेव्हापासून अण्णा आणि पलीकडच्या वस्तीवरची चार घरं नाल्यातून जातात-येतात.
नाल्यात उतरले. बारका गिअर. पाणी गुडघाभर, खाली चिखल. गाडी कुठेही अडली नाही. समोरचा काठ चढताना काचेत फक्त आभाळ.
अण्णा पत्र्याच्या खोलीसमोर उभे होते. आधी टायर पाहिले.
"कुठून आणलीस?"
"नाल्यातून."
त्यांनी नाल्याकडे पाहिलं. मग, "कुणी पाहिलं का?"
मला ते कौतुक वाटलं.

६ जुलै, रविवार
वस्तीवरच्या गयाबाई रोज दुधाच्या दोन कॅन घेऊन नाला ओलांडतात. एक डोक्यावर, एक हातात. आज दोन्ही कॅन आणि त्या, सगळं जीपमधून डांबरीला सोडलं. उतरताना म्हणाल्या, "लई उंच हाय माय तुझी गाडी. म्हशीवरून उतरल्यावानी वाटतंय."
परतताना गेटवर अंकुशकाका भेटले. चहा दिला, मोसंब्यांची पिशवी दिली. राग धरून बसावं असा माणूस नाही. आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत रोज डबा त्यांच्या घरून येत होता. म्हणाले, भावकीतली पहिली जीप, अन् ती बी लेकीची, मला एक चक्कर मार की. पुढे बसवलं. नाल्याच्या मध्यावर त्यांनी मोबाईल काढला, मला म्हणाले इकडं बघ.
"काही तरास व्हायलाय का बाई, इथून येता-जाता?"
मी हसले. म्हटलं, "काहीच नाही, काका."
मग काठ चढवून दाखवला. दोनदा.

१३ जुलै, रविवार
चहा झाल्यावर अण्णांनी आतून कापडी पिशवी आणली. सहा वर्षांचे अर्ज, पोचपावत्या, गावनकाशाची नक्कल. नकाशात रस्ता आहे, दोन तुटक रेघांचा. अण्णा पाटकरी होते. तीस वर्षं कुणाच्या शेताला किती वेळ पाणी गेलं ते लिहून ठेवलं. कागद जपणं त्यांना येतं. दोन साहेब बदलून गेले. तिसऱ्याने पाहणीची तारीख दिलीय, २५ ऑगस्ट.
मग सांगितलं की गयाबाईंच्या सुनेच्या मोबाईलवर मला पाहिलं. गावाच्या ग्रुपवर आहे. माझं हसणं, माझं उत्तर.
"आपला अर्ज काय हाय? दुसरी वाट नाय, म्हणून रस्ता द्या. अन् तू म्हणती, काहीच तरास नाय."
मी म्हटलं, ती जीप आहे अण्णा. तशी गाडी वस्तीवर कुणाकडे आहे?
"जीप दिसतच नाय त्यात. आत बसून काढलंय. नाला दिसतो अन् तू दिसती."
अठरा वर्षं वर्गात कथा शिकवताना विचारते, कोण सांगतंय आणि कुठून सांगतंय.

२० जुलै, रविवार
जीप डांबरीवर, चहाच्या टपरीपाशी. चालत गेले. नाल्यात माझ्याच चाकांच्या चाकोऱ्या, पाण्याखाली. पूर्वी तिथं पायाखाली खडी लागायची. आज पाय नडगीपर्यंत आत गेला, चप्पल राहिली.
मागून गयाबाई. "डावीकडून ये माय. उजवीकडं तुझ्या टायरनं हीर खांदलीया." हसत म्हणाल्या. गुरुवारी तिथंच त्यांची एक कॅन सांडली, हे सुनेने सांगितलं. त्या नाही बोलल्या.

१ ऑगस्ट
जीप धुतली. खालून अजून माती निघते.
सलीमभाईंना फोन केला, परत घ्याल का. म्हणाले, डेढ महिने में कौन वापस करता मॅडम, चला के देखो अभी. त्यांना कारण सांगितलं नाही. सांगता येईना.

१० ऑगस्ट, रविवार
टपरीवर अं. का., आणखी चारजण. जीप इथं का लावली, बिघडली काय, असं मोठ्याने विचारलं. नाही म्हटलं. मग? म्हटलं, चालायची सवय राहावी म्हणून. सगळे हसले. तेही हसले. हसता हसता माझ्या गाळाने भरलेल्या सलवारीकडे पाहिलं आणि चहावाल्याला माझ्यासाठी चहा सांगितला.
मी प्यायले. नाही म्हणायला हवं होतं की नको, हे अजून कळत नाही.
अण्णा थोडे लंगडत होते. काटा रुतला म्हणाले.

२२ ऑगस्ट, पोळा
दुपारी गयाबाईंचा फोन. अण्णांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. शुगर आहे, त्यात जखम. पंधरा दिवस फडकं बांधून फिरत होते. मी दोन रविवार समोर बसून चहा प्यायले.
डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळीच आणा म्हणाले. एक दिवसही लांबवू नका.

२३ ऑगस्ट, शनिवार
जीप घेऊन गेले. नाल्यातून. पाणी बॉनेटला लागलं. सव्वा महिन्याने.
अण्णा बाजेवर. पायाला धोतराची पट्टी, तिचा वास. हसून म्हणाले, "सोमवारी पाहणी हाय. मंगळवारी येतो." डॉक्टरांचं सांगितलं. ऐकेनात. म्हणाले, अर्जदार जाग्यावर पाहिजे. मी ओरडले. सहसा ओरडत नाही.
गयाबाईंनीच सांगितलं असणार, अं. का. आले. हातात गेटची किल्ली.
"दादा, चल. बागेतून ने. मी कव्हा अडीअडचणीला नाय म्हणलोय?"
अण्णा म्हणाले, "लिहून दे."
"भावाभावात काय लिहून द्यायचं?"
"मग राहू दे."
बाहेर म्हैस पाणी पीत होती. अं. का. किल्ली बोटात फिरवत राहिले. मग अण्णांनीच बाजेवरून पाय खाली सोडला आणि मला म्हणाले, "नाल्यातून घे."
पण चढता येईना. माझ्याच छातीपर्यंत येणारी सीट. विंच आहे, इंजिनाला पाण्यात श्वास घ्यायला स्नॉर्कल आहे, दुखऱ्या पायाला पायरी नाही. अं. कां.नी त्यांना पाठीमागून उचललं, आजारी पाय दोन्ही हातांनी धरून आत ठेवला, स्वतः मागे बसून खांदे धरले. शहरापर्यंत तसेच. दवाखान्यात भरती होऊन सलाईन लागेपर्यंत उभे होते.
नाल्यातून येताना मी सारखी आरशात पाहत होते. मोबाईल काढतात का. नाही काढला. मी पाहत होते हे त्यांना दिसलं.

२४ ऑगस्ट, रविवार
दोन बोटं काढली. त्याच्या वर जावं लागेल का, ते चार दिवसांनी सांगतील. संजू आला. पाहणीचं आता सोडून द्या म्हणाला. अण्णा शुद्धीवर आले, पाणी मागितलं नाही, पायाचं विचारलं नाही. "उद्या कोण जाणार?"
संजू उठून बाहेर गेला.

२५ ऑगस्ट, सोमवार
दवाखान्यातून थेट गेले. पाऊस. जीपच नेली, स्कूटी विकल्यापासून दुसरं काही नाही माझ्याकडे. टपरीपाशी लावली.
नायब तहसीलदार अकराला आले, बरोबर तलाठी. पांढरी लहान कार, ती तिथंच थांबली. अं. का., गयाबाई, वस्तीवरचे दोघं. साहेब सज्जन. वडील कसे आहेत विचारलं. मग पुढे चिखल पाहिला, स्वतःचे बूट पाहिले, जीप पाहिली.
"ही तुमचीच ना मॅडम? चला, तुमच्यातच बसतो. दहा मिनिटांत पाहणी होईल."
अं. का. जमिनीकडे बघत होते.
यांना घेऊन नाला ओलांडला की वाट आहे हे मीच दाखवलं. नाही नेलं तर हे इथूनच परत जातील, आणि पुढची तारीख कधी.
म्हटलं, "साहेब, गाडी नेणार नाही."
"का, जात नाही?"
"जाते. मी नेणार नाही. चालत आलात तर दाखवते."
ते तलाठ्यांशी काही बोलले. मग छत्री उघडून नाल्याच्या काठापर्यंत आले. पुढे नाही. गयाबाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी रिकामी कॅन डोक्यावर घेतली आणि उतरल्या. मध्यावर पाणी कमरेला. एकदा तोल गेला, सावरला. पलीकडे जाऊन लुगडं पिळलं. साहेब पाहत होते. पाहिलं, हे नक्की.
टपरीच्या पत्र्याखाली बाकावर बसून पंचनामा लिहिला. वाचायला मागितला. नाल्यास पाणी होते. कुंपणाच्या आत मोसंबीची झाडे आहेत. अर्जदार हजर नाहीत. अर्जदाराच्या मुलीचे वाहन सदर ठिकाणी उभे असून ते नाल्यातून नेण्यास त्यांनी नकार दिला.
गयाबाई उतरल्या ते नव्हतं. ते लिहा म्हटलं.
"त्या अर्जदार नाहीत, मॅडम."
अं. कां.नी सही केली. पेन माझ्याकडे दिलं, टोपण उघडून. मी केली.
पर्यायी रस्ता उपलब्ध आहे किंवा नाही, हे आदेशात येईल.

२६ ऑगस्ट, मंगळवार
काल अण्णांना ताप होता, म्हणून पाहणीचं सांगितलं नाही. आज उतरला. सगळं सांगितलं. पंचनाम्यातलं ते नकाराचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.
"का नकार दिला, ते लिहिलं का त्यांनी?"
"नाही."
"सहीच्या वर जागा होती?"
"होती."
"किती?"
"दोन ओळींची."
डोळे मिटले. झोपले असं वाटलं. सहीच्या वर आपलं म्हणणं लिहायचं असतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. संजूलाही नाही. वरच्या पंख्याकडे पाहत म्हणाले, आज-उद्यात तहसीलला जाऊन पुरवणी जबाब देता येतो. घेतील, नाय घेतील.
मी म्हटलं, जाते.
"काय लिहिशील?"
मी सांगायला लागले. नाला, पाणी, जीप कुणाची, वस्तीवर कोण, कॅन. दोन ओळींत मावेना. पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली, चादर बाजूला केली. अण्णांनी हात वर केला.
"थांबा जरा," तिला म्हणाले. "ती सांगायलीय."