नवाब घरातून जाणार न्हाई

ताडकळस

तीर्थस्वरूप आण्णांच्या पायाशी धाकट्या मनकर्णेचं डोकं (नमस्कारापुरतं, बाकी वेळ ते माझ्याच मानेवर हाय).

तुमची तब्येत बरी असेल. जिना उतरताना वहिनींचा गुडघा वाजायचा, तो आता गप्प बसला का? बीपीची गोळी तुमी आठवण झाली तर घेता असं वहिनी सांगत होत्या. हे पत्र वाचायच्या आधी ती घेऊन टाका. मी फोनच करणार होते, पण फोनवर तुमी "हां, बोल" म्हणता आणि मग स्वतःच बोलत राहता. कागदाला मधीच तोडता येत न्हाई, म्हणून मानवतला हा कागद.

तर मागच्या महिन्यात तुमी जो हुकूम सोडला, "सून दोन जिवांची हाय, खोकून खोकून बेजार झालीय आणि तू घरात कुत्रं, मांजर, मेंढी घेऊन बसलीस, समदे बाहेर काढ, न्हाईतर मी ताडकळसला पाय ठेवणार न्हाई," त्याचं हे उत्तर. आण्णा, पाय तुमचा हाय, कुठं ठेवायचा ते तुमी ठरवा. नवाब घरातून जाणार न्हाई. मांजर जाणार न्हाई. चंपा मेंढी तर जाणारच न्हाई, कारण ती लहानपणी नवाबच्या कुशीत वाढली आणि आपण बी कुत्रंच हावोत असं तिला वाटतं (बाहेरच्या मेंढ्यांत सोडली की लाजून माघारी येते). नवाबचं तर तुमाला ठाऊकच हाय, तरी लिहिते. तुमचे मेव्हणे रानात चक्कर येऊन पडले, तवा समदी मेंढरं सांजच्याला आपापली घरी आली. नवाब आला न्हाई. तो त्यांच्यापाशी बसून भुंकत राहिला म्हणून माणसांना जागा सापडली. ते वाचले न्हाईत. पण एकटे बी गेले न्हाईत. त्या कुत्र्याला मी म्हातारपणी दार दाखवू, का तर तुमाला दिवाळीत शिंका आल्या?

राजेश्रीच्या खोकल्याची काळजी मला न्हाई असं समजू नका. पोरीला माहेरी आई न्हाई, तिची आई मीच. तिला घेऊन परभणीला डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी नीट तपासलं आणि सांगितलं, कोरडा झाडू बंद करा, झाडूनं केस आणि धूळ उडते आणि तीच छातीत जाते. ओढून घेणारं मशीन आणा, आणि जनावरं हिच्या खोलीत येऊ देऊ नका. मी सरळ विचारलं, "मग जनावरं घरातून काढू का?" बाई म्हणाल्या, "मी असं म्हटलं का?" आण्णा, एवढं शिकलेली बाई म्हणाली न्हाई ते तुमी मानवतमधी बसून म्हणालात.

मग मशीनची शोधाशोध सुरू झाली. आमच्या बजरंगानं आधी मोबाइलवरून एक मागवलं. दिसायला लय देखणं, हातात मावणारं, चार्जिंगचं. त्यानं पलंगाखालचा अर्धा कोपरा साफ केला आणि झोपी गेलं. पुन्हा चार्ज केलं, तर चंपाची लोकर त्याच्या नरड्यात अशी गुंडाळली की आतून शिट्टी वाजायला लागली. बजरंग म्हणतो, "आई, हे मोटारीतल्या धुळीसाठी हाय." म्हटलं, मग आधी मोटार आणायची होतीस. (ते आता मांजर खेळायला घेतं. मजबूत हाय, त्या कामाला.)

म्हणून मी ठरवलं, आपण स्वतः जायचं, डोळ्यांनी बघून घ्यायचं. पिशवीत नवाबचे केस, मांजराचे केस आणि चंपाची लोकर गच्च भरली आणि एसटीत बसून परभणीच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथं परमेश्वर नावाचा एक पोऱ्या होता, गळ्यात टाय, बोलणं साखरेसारखं. त्यानं पहिलंच विचारलं, "मावशी, पेट कोणतं हाय?" मला वाटलं पोटाचं विचारायलाय. म्हटलं, बरं हाय बाबा, हरभऱ्याची डाळ खाल्ली की जरा फुगतं. तो म्हणाला, "पेट म्हंजे पाळलेलं जनावर हो." कुत्रं म्हटलं, त्यानं मान हलवली. मांजर म्हटलं, मान हलवली. मेंढी म्हटलं, तवा मान तिथंच थांबली.

मग त्यानं एक गोल ताटली काढली. म्हणे ही आपोआप फिरते, तुमी नुस्तं बसून राहायचं. मी विचारलं, उंबरठा चढते का? म्हणे न्हाई. आमच्या घरात दर दाराला उंबरठा हाय. नव्या नवरीला एकदा हाताला धरून घरात घेतो तेवढं ठीक, पण या ताटलीचा गृहप्रवेश मी रोज दर खोलीत करत बसू का? दुसरं मशीन त्यानं फरशीवर थर्माकोलचे दाणे टाकून दाखवलं. भुर्रकन साफ. चार माणसांनी टाळ्या बी वाजवल्या. मी म्हटलं, "बाबा, आमचा नवाब थर्माकोल गाळत न्हाई," आणि माझी पिशवी त्याच्या सोफ्यावर उलटी केली.

आता इथं माझी थोडी चूक झाली हे कबूल (थोडीच). समोर विकायला ठेवलेला मोठा कूलर चालू होता, तो मला दिसला न्हाई. चंपाची लोकर अशी उडाली की समद्या टीव्हींवर धुकं आलं. फ्रिज घ्यायला आलेल्या एका मामांच्या काळ्याभोर मिशा पांढऱ्या झाल्या. परमेश्वरनं घाईघाईनं एकेक मशीन लावलं. एकाची कागदी पिशवी फुगून बसली, एकाचा ब्रश फिरायचा थांबला, एकातून जळका वास आला. शेवटी मालक ओरडले, "अरे, आपलं आण!" तवा मागच्या खोलीतून एक पिंप आलं. रंग उडालेला, नळी मनगटाएवढी जाड, बटण एकच. त्यानं घुर्र करून सोफा, टीव्ही, कूलरची जाळी, समदं गिळलं. मामा बी मिशा पुढं करून उभे राहिले होते.

मी म्हटलं, "हेच द्या."

मालक म्हणाले, "मावशी, ते विकायचं न्हाई. ते आमचं वापरायचं हाय, किती वर्षं झाली, चालायलंच."

"म्हणूनच मागायलेय."

ते हसले आणि गोदामातून तसलंच नवं काढून दिलं. कोणी मागत न्हाई म्हणे, दिसायला बरं न्हाई. पिशवी कापडी, धुऊन पुन्हा लावायची. ब्रशमधी केस अडकले तर कात्रीनं कापायचे. चाकं हायेत, उचलायचं काम न्हाई. बिघडलं तर परभणीतच दुरुस्त होतं. मी त्याच्यावर बसून बी पाहिलं. ते हललं न्हाई, म्हणून घेतलं.

घरी पहिल्यांदा चालू केलं, तर शेजारची सरजाबाई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन आली. तिला वाटलं आमी पिठाची गिरणी टाकली. नवाबनं नळीचा चावा घेतला, नळीनं त्याचा कान ओढला, आणि तवापासून दोघं एकमेकांची इज्जत ठेवून हायेत. चंपा मात्र मशीन दिसलं की पाठ पुढं करून उभी राहते आणि डोळे मिटते. रोज आधी तिची सुटी लोकर मशीननं ओढून घेते, मगच घराकडं वळते. राजेश्रीच्या खोलीला दार लावलंय, तिथं कोणी जात न्हाई. खोटं कशाला बोलू, पोरीचा खोकला पुरता गेला न्हाई. पण ती आता आडवी होऊन झोपते. आधी बसून झोपायची. परवा सकाळी तिला उठवायला गेले तर चक्क घोरायली होती. मी दारातच उभी राहून ऐकलं, आण्णा. भजन ऐकावं तसं ऐकलं.

तवा तुमचा हुकूम तुमाला परत. तुमी यायचं तर या, न यायचं तर नका येऊ. आमी कोणापुढं हात जोडायला बसलो न्हाई.

तुमची, न ऐकणारी,
मनकर्णा

ता. क. मशीननं सगळ्यात जास्त धूळ कशातून काढली ते लिहायचं राहिलं. नवाबच्या पोत्यातून न्हाई. लग्नात तुमी राजेश्रीला दिलेल्या कापसाच्या गादीतून. पिशवी भरून वाहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोकल्याचं अर्धं कारण तीच असेल. गादी बाहेर काढलीय. तिच्यावर तुमचं नाव घातलेलं हाय, ती बाजू खाली करून ठेवलीय.

ता. क. आणखी एक. बाईंनी सांगितलंय की बाळंतपण होईपर्यंत राजेश्रीनं दवाखान्याजवळच राहावं. परभणीत खोली मिळाली, पण मालक जनावर घेऊ देत न्हाई. सरजाबाईकडं ठेवावं तर नवाबला तिच्या कोंबड्या दिसल्या की म्हातारपण आठवत न्हाई. तुमच्या घरामागं केवढं अंगण हाय. मशीन बी सोबत देते, एकच बटण हाय, वहिनींना जमेल.

ता. क. न्हाई म्हणायच्या आधी ऐका. दिवाळीत समदे जेवून आडवे झाले, तवा पडवीत बसून शिंकत शिंकत नवाबला शेव कोण चारत होतं, ते मी खिडकीतून पाहिलंय. वहिनींना अजून सांगितलं न्हाई. पत्र टपालात टाकलं न्हाई, बजरंगाच्या हाती दिलंय. तो समोर उभाच असेल, त्याला पाणी द्या. टेम्पो खाली हाय. आधी चंपाला उतरवा, तिला गाडी लागते.