चालत्या पट्ट्याला हात लावावा का

प्रिय नोदार भाऊजींना तिबिलिसीहून लमाराचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? यंदाची वाइन आंबट निघाली असं कळलं. वाईट वाटलं. (तुमचा भाऊ जुंबर असता तर त्यानं तीही संपवली असती.) मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचते.

गेल्या ईस्टरला मी त्याच्या थडग्यावर का पोचले नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. घाटाच्या पायथ्याशी गाडीचा पाण्याचा पाइप फुटला आणि मी थडग्यावर ठेवायच्या लाल अंड्यांचं पातेलं मांडीवर घेऊन दिवसभर रस्त्याकडेला बसले. शेवटी एका ट्रकवाल्यानं गाडी ओढत परत आणली. थडग्यावर ओतायची वाइन त्यानंच प्यायली, पण जुंबरचं नाव घेऊन, उभं राहून, रीतसर प्यायली. जुंबर गेल्यावरचा तो पहिलाच ईस्टर होता. तेव्हाच ठरवलं, यंदा जुने भाग मोडायच्या आधी बदलायचे.

घरातली पुस्तकं वाचून संपल्यामुळे मी गाडीचं माहितीपुस्तकही वाचलं आहे (मधला भाग चांगला आहे, शेवट रटाळ). त्यात लिहिलंय की टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला पट्टा, वेळेवर बदलावा, तुटला तर इंजिनच जातं. आमचा बेल्ट कधी बदलला, कुणालाच माहीत नाही. तुमच्या भावाचं ठरलेलं असायचं, "रडायला लागेल तेव्हा बघू." छातीत दुखायचं तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं.

पण आमच्या अंगणात बॉनेट उघडणं म्हणजे लग्नाची घंटा वाजवणं. मी नुसतं पाणी बघायला उघडलं, तर शेजारचा तमाझ चपला घालून हजर. "वहिनी, चालतोय ना पट्टा? मग चालत्याला हात लावायचा नाही!" (त्याची स्वतःची गाडी तुतीखाली उभी आहे. तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.) वरच्या गॅलरीतून गुराम ओरडला, "त्याचं ऐकू नका वहिनी! पट्टा बदला, पंप बदला, जमलं तर तमाझलाही बदला!" मग दोघं इंजिनात डोकं घालून भांडले. कुणीतरी चीज आणलं, कुणीतरी वाइनची सुरई आणली, ती माझ्याच मडगार्डवर ठेवली. पहिला पेला जुंबरच्या नावानं, दुसरा इंजिनाच्या. अंधार पडल्यावर दोघांनी गळ्यात गळे घालून बॉनेट बंद केलं. पट्टा होता तिथेच. हे तीनदा झालं, भाऊजी. मला भांडी घासायचाही कंटाळा आला.

शेवटी परवा सगळे पुरुष एका मयताला गेले, तेव्हा मी गाडी काढली आणि नदीपलीकडच्या गॅरेजात पट्टा, पंप, पाइप, सगळं बदलून घेतलं. मेकॅनिकनं जुना पट्टा ताणून बघितला आणि म्हणाला, "ताई, हा अजून दोन वर्षं गेला असता." मी म्हटलं, "असं मला पूर्वीही कुणीतरी सांगितलं होतं."

अंगणात मी कुणाला काही बोलले नाही. आज सकाळी गाडी सुरू केली, तर तमाझ कान देऊन ऐकत राहिला आणि गुरामला म्हणाला, "बघ! जुना पट्टा कसा गातोय! बदलला असता तर वहिनी पस्तावली असती."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचते.

तुमची वहिनी,
लमारा

ता.क. गाडी तुमच्या दारात उभी राहिली की बॉनेट उघडू नका. शेजाऱ्यांनाही सांगा.

पुन्हा ता.क. थडग्याजवळचा बाक कुजलाय आणि मी येण्याआधी तिथं लोखंडी बाक बसवताय, असं तुम्ही लिहिलंत. मोडायच्या आधी बदललेला बरा, हेही लिहिलंत. बरोबर आहे तुमचं. पण तो बाक जुंबरनं तुमच्या आईसाठी स्वतःच्या हातानं केला होता. त्याला हात लावू नका. बाकाच्या पायाखाली एक दगड सरकवा, बास. माझ्याखाली मोडला तर मोडू दे, मला उठवायला तुम्ही आहातच.